कपडेपटाच्या बाई

बॅले बघायला आलेले लोक नाचणारीचे पाय बघतात, जाणकार हात बघतात, आणि कपडेपटाच्या बाई फक्त घेर बघतात. पुढून घेर किंचित खाली झुकला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. रंगमंचावर राजपुत्र प्रेमात पडला की मेला, हे त्यांना तीस वर्षांनंतरही नक्की सांगता येणार नाही.

लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, कुठल्याही बॅले कंपनीत जा, या बाई असतातच. मला भेटल्या त्या लंडनमध्ये, तिथल्या एका कपडेपटात मी उमेदवारी करत असताना. गळ्यात टेप, डोक्यावर चष्मा, आणि तो शोधायला डोळ्यांवर दुसरा चष्मा. छातीवर टाचण्या इतक्या, की मिठी मारायची कुणाची छाती होत नाही. स्वागताचं वाक्य ठरलेलं, "हात धुतलेस?" धुतलेत म्हटलं तरी, "परत धू. नेट पांढरं आहे."

दुसरं ठरलेलं वाक्य, "ते ठीक आहे, पण शिवलं कोणी?"

हा प्रश्न त्या सगळ्या इतिहासाला विचारतात. पॅरिस ऑपेरात 12 मार्च 1832 ला मारी ताल्योनी 'ला सिल्फीद'मध्ये पांढराशुभ्र, पोटरीपर्यंतचा घेर घालून आली, आणि गॅसच्या उजेडात ती जमिनीवर आहे की अधांतरी, हेच लोकांना कळेना. ही हकिगत बाई अशी सांगतात, जणू आदल्या रात्री इस्त्री त्यांनीच केली होती. पोशाखाचं श्रेय चित्रकार यूजेन लामीला देतात, असं मी पुस्तकी ज्ञान पाजळलं. झालं! "कागदावर घेर काढायला काय जातं? शिवला कोणी?" चित्रकार देगानं 1881 मध्ये चौदा वर्षांच्या नाचणाऱ्या मुलीचा मेणाचा पुतळा मांडला, त्याला खऱ्या कापडाचा घेर होता. त्या पुतळ्याची ब्राँझची प्रत बघायला बाई संग्रहालयात गेल्या आणि घेराची शिवण बघायला इतक्या वाकल्या, की पहारेकऱ्याला दोनदा खाकरावं लागलं.

घेर आखूड का झाला, यावर त्यांचं मत अगदी व्यवहारी आहे. पायांचं काम वाढलं, कापड आड यायला लागलं. अठराव्या शतकात मारी कामार्गोनं नुसते घोटे दिसतील एवढा घेर वर घेतला तर केवढी चर्चा! पुढे इटलीची व्हर्जिनिया झुक्की 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली आणि लांब घेरात नाचायला तिनं साफ नकार दिला. "शहाणी बाई," इति आमच्या बाई. "कापडही वाचलं." हे मात्र खोटं. घेर आखूड झाला तसे थर वाढले. आजच्या आडव्या टुटूत, म्हणजे बॅलेच्या घेरदार पोशाखात, नेटचे दहा-बारा थर असतात. सगळ्यात वरचा सर्वात रुंद, मग खालचा प्रत्येक थोडा आखूड, आणि मध्ये कुठेतरी पोलादी तार. सगळे थर एकमेकांना ढिल्या टाक्यांनी बांधायचे. टाका ओढला तर घेर आक्रसतो, सैल सोडला तर थर फाकतात. हा 'ढिला पण सैल नाही' टाका शिकवताना बाई माझ्या हाताकडे ज्या करुणेनं बघत, ती मी विसरलेलो नाही. एका टुटूला शंभरेक तास सहज जातात. झाल्यावर तो उलटा टांगायचा, नाहीतर घेर खाली पडतो. वटवाघळांच्या त्या पांढऱ्या वसाहतीतून बाई डोकं वाकवून ये-जा करतात.

टुटूच्या वरच्या घट्ट चोळीच्या, म्हणजे बॉडिसच्या, पाठीला हुकांच्या दोन-तीन रांगा, कारण आज ही नाचणार, उद्या तिच्याहून जाड किंवा बारीक दुसरी. आत पट्टीवर नावं लिहिलेली. बाई ती वंशावळीसारखी वाचून दाखवतात, "ही घाम फार गाळायची. ही गुणी. हिनं हूक तोडले." बॉडिस धुता येत नाही, म्हणून त्यावर स्वस्तातली व्होडका फवारतात. वास जातो. बाटली कुलपात, किल्ली बाईंकडे. स्वतः त्या चहावाल्या. पण महिनाअखेरीस बाटलीतली पातळी खडूच्या खुणेशी ताडून सगळ्या तरुण पोरांकडे एकेक नजर टाकणं हा त्यांचा नेम.

एकाच विषयावर त्यांचा आवाज उतरतो. 1862 च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये तालमीच्या वेळी नर्तकी एमा लिव्रीच्या घेरानं गॅसच्या ज्योतीवर पेट घेतला. कापड पेटू नये म्हणून द्रावणात बुडवायची सोय तेव्हा होती, पण त्यानं ते कडक आणि मळकट दिसायचं, म्हणून तिनं नाही म्हटलं होतं. आठ महिने यातना सोसून ती गेली. "हट्टी पोर," एवढंच बाई म्हणतात, शेजारच्या खोलीतल्या मुलीबद्दल बोलावं तसं, आणि उठून इस्त्रीचं बटण बंद आहे ना ते बघून येतात.

न्यूयॉर्कमध्ये बॅलेचे पोशाख शिवणाऱ्या कारिन्स्काबाईंशी त्यांचं शीतयुद्ध आहे, एकतर्फी. नृत्यदिग्दर्शक बालँशिनच्या 'सिम्फनी इन सी'त शेवटी सगळ्याजणी एकदम रंगमंचावर येतात. तारेचे घेर एकमेकांवर आपटून डुलायला लागायचे. कारिन्स्कानं 1950 मध्ये तारच काढून टाकली आणि मऊ, फुललेला घेर केला. "तार काढली!" बाई अजून हळहळतात. पण 'शिवलं कोणी' या प्रश्नाला इतिहासानं दिलेलं हे एवढं एकच चोख उत्तर, त्यामुळे कारिन्स्काचा फोटो मात्र शिलाई मशीनच्या वर आहे.

रशियन नर्तकी अन्ना पाव्हलोव्हा मुंबईतही नाचली होती, 1928 मध्ये भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिला तिथेच पाहिलं, असं मी एकदा अभिमानानं सांगितलं. बाई विचारात पडल्या. मी खूश. जरा वेळानं म्हणाल्या, "त्या दमट हवेत नेट उभं कसं राहिलं?"

प्रयोग चालू असताना त्या विंगेत उभ्या असतात, ब्लाउजला ओवलेली सुई टोचून. 'स्वान लेक'मध्ये बत्तीस गिरक्यांची जागा आली, 1895 मध्ये नर्तकी लेन्यानीनं घेतल्या त्या, की अख्खं थिएटर मनात आकडे मोजतं. बाई हूक मोजतात. परवा टाळ्या थांबेचनात. नाचणारी पुन्हा पुन्हा पुढे जाऊन वाकत होती, फुलं येत होती, आणि विंगेतून बाई फवारणीची बाटली हातात धरून दबक्या आवाजात ओरडत होत्या, "पुरे गं, पुरे! घाम वाळतोय!"