माल पोचला, पैसे वाटेत आहेत

जहाजाला अटक होते. इंधनाचं बिल थकवलेलं परदेशी जहाज मुंबई बंदरात शिरलं, की २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली उच्च न्यायालय अटकेचा हुकूम काढतं आणि शेरीफच्या कार्यालयातून तो जहाजावर बजावला जातो. (१९८० साली दिलीपकुमार ज्या पदावर होते, तेच हे शेरीफ.) मालक ग्रीसमध्ये असो नाहीतर पनामात, उभं जहाज रोज पैसे खातं म्हणून तो सहसा मुकाट हमी भरतो.

आता मशीद बंदरच्या आपल्या फॉरवर्डरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल जहाजाने पाठवून देणाऱ्याकडे, बघा. त्याचे पैसे थकवणाऱ्याकडे जहाजच नाही. परदेशात त्याच्या वतीने माल सोडणारा एजंट म्हणजे भाड्याची खोली, दोन कॉम्प्युटर आणि पाटीवर 'ग्लोबल'. अटक कशाला करणार, की-बोर्डला?

धंद्याची रीतच अशी की फॉरवर्डरने स्वतः दिलेल्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे हाउस बीएलवर, भाडं 'कलेक्ट', म्हणजे माल घेणारा तिकडे देणार. जहाज कंपनीच्या, म्हणजे लाइनच्या, मास्टर बीएलवर मात्र 'प्रीपेड', म्हणजे लाइनचे पैसे आपल्या माणसाने इथे आधीच मोजलेले. एजंट तिकडे भाडं वसूल करतो, माल सोडतो आणि त्याचा अकाउंटंट रजेवर जातो. ऑगस्टात युरोपची सुट्टी, मग नाताळ, मग चिनी नववर्ष, मग ईद. इतका सर्वधर्मसमभाव आमच्या पाठ्यपुस्तकातही नव्हता! सुट्ट्या संपल्या की स्टेटमेंट जुळत नाही. चाळीस डॉलरच्या एका डेबिट नोटवर वाद, आणि त्यापायी बारा हजार डॉलर लटकलेले.

मग पुढच्या कंटेनरचं बीएल अडवा की! छे. फॉरवर्डर उलट टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ बीएल न मागता माल सोडायची परवानगी, देतो, वर उधारीची मुदतही वाढवतो, कारण त्याने नाही दिली तर शेजारच्या गाळ्यातला देईल. जुनी उधारी सुटावी म्हणून नवी उधारी देणारा हा जगातला एकमेव सावकार.

कोर्टात जा म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा उघडावा. इथला हुकूमनामा तिकडे चालेल का, हे देशागणिक बदलतं. आपलंही तेच: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ब्रिटन-सिंगापूरचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात, अमेरिका-चीनचे नाहीत. अमिरात त्या यादीत आलं जानेवारी २०२० मध्ये. तोवर दुबईत बुडवून मुंबईत येऊन बसलेली आपली मंडळी तशी निवांतच होती. लवादाचा निवाडा त्यापेक्षा लांब चालतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात अमेरिका आहे, चीनही आहे. पण त्यासाठी करारात लवादाचं कलम लागतं, आणि आधी मुळात करार लागतो. आमचे करार होतात फॉरवर्डरांच्या परिषदेच्या बुफेत, हातात प्लेट धरून.

राहता राहिल्या त्या थापा. त्या जपून ठेवा. आपल्या मुदत कायद्यात अशा येण्यासाठी तीन वर्षं मिळतात, पण त्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते, आणि ईमेललाही कोर्टांनी अशी कबुली मानलेलं आहे. 'पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो' हे वाक्य म्हणजे पुरावा. मुरलेल्या बुडव्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो मेलला उत्तरच देत नाही. व्हॉट्सॲपवर कॉल करतो आणि आधी तुमच्या मुलांची चौकशी करतो.