इंद्रधनुष्य कुणाच्या दारचं?

"उषाताई, आहात का हो? जरा कंपाउंडशी या. बघा तरी काय वाहतंय रस्त्यावरून!"

लीलावहिनींची हाक आली की तव्यावरची पोळी उतरवून जावंच लागतं. मृगाचा पहिला पाऊस नुकताच उघडला होता. सहकारनगरातल्या आमच्या गल्लीतून पाण्याचा ओघळ जाळीकडे निघाला होता आणि त्यावर तेलाचे जांभळे-हिरवे रंग तरंगत होते.

"त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातलंच असणार," वहिनी आवाज उतरवून म्हणाल्या. "दर रविवारी नळी लावून गाडीला अंघोळ घालतात. फेस पार इथवर येतो. आम्ही बाई बादलीभर पाण्यात भागवतो."

"फेस रविवारचा, वहिनी. आज गुरुवार. आणि हे तेल आहे."

"मग ते रंगकामवाले. काल जाळीवर ब्रश धुऊन डबासुद्धा तिथेच उपडा केला. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"बोलला नाहीत त्यांना?"

"मी कशाला? जाळी काय माझी आहे? जातंय की सगळं महापालिकेच्या शुद्धीकरणाला."

"तिथंच घोळ आहे. संडास-मोरीचं पाणी तिकडे जातं, त्याची लाइन वेगळी. ही पावसाळी जाळी. हिचं पाणी जसंच्या तसं आंबिल ओढ्यात."

वहिनींचा झाडू थांबला. बोलता बोलता त्या गुलमोहराचा पाला त्याच जाळीकडे ढकलत होत्या.

"ओढ्यातून मुठेत, संगमावर मुठा मुळेला मिळते, मग भीमा आणि भीमेवर उजनी. तुमची धाकटी कुठे दिलीय?"

"सोलापूरला. का?"

"तिच्या नळाला पाणी कुठलं?"

"अगंबाई, उजनीचं!" वहिनींनी पदर तोंडाला लावला. "परवाच फोनवर सांगत होती, धरणाचं पाणी हिरवंगार दिसतं म्हणून. मी म्हटलं, तिकडचेच लोक घाण करत असतील."

"हिरवं होतं ते वरून आलेल्या मैल्यानं आणि खतानं. गुलाबांना युरिया कधी घातलात?"

"परवा. पावसाच्या आधी, मुद्दाम."

"मग गुलाबांना चिमूटभर मिळाला असेल. बाकीचा निघाला लेकीकडे, वाटेत जलपर्णी पोसत. पाऊस उघडल्यावर घालावा, तोही बेतानं आणि मातीत मिसळून."

"आणि हा पाला?"

"जाळी तुंबली की पाणी अंगणात. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवतेय ना?"

वहिनी गप्प झाल्या. त्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला होता, माणसं गेली होती.

"तो पूर काही तुमच्या पाल्यानं आला नव्हता," मी जरा सावरून घेतलं. "पण पाला झाडाच्या बुंध्याशी पसरलात तर खत तरी होईल."

"पसरते. पण तेल कुणाचं ते कळल्याशिवाय मला आज जेवण जायचं नाही."

मलाही कुठे जाणार होतं? दोघी ओघळाच्या उलट दिशेनं निघालो. कोपऱ्यापर्यंत जावंच लागलं नाही. रंग वहिनींच्याच फाटकाखालून येत होते. आत त्यांच्या चिरंजीवांची मोटारसायकल. शेजारी काठोकाठ भरून वाहणारं घमेलं.

"काल मोबाइलवर बघून ऑइल बदललं मेल्यानं," वहिनी पुटपुटल्या. "जुनं घमेल्यात काढून उघड्यावर ठेवलं. थांबा, नळीच लावते."

"नळी नको! धुतलंत की उरलेलंही जाळीत. आधी घमेलं शेडखाली घ्या. फरशीवर लाकडाचा भुसा टाका, तेल प्याला की भरून घ्या. घमेल्यातलं डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या."

"भुसा आता कुठून आणू?"

"आमच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात आमची स्कूटर गळत होती, तेव्हा आणलेला."

"म्हणजे गेल्या वर्षीचे ते रंग तुमचे होते? आणि मी वर्षभर कोपऱ्यावरच्यांना नावं ठेवतेय!"

"हळू बोला, वहिनी. ते गॅलरीतच उभे आहेत."