पान हिरवं, लॅपटॉप नवा

लिंक्डइनवर सध्या हिरव्या पानांना बहर आलाय. ‘शाश्वत आयटी’चं प्रमाणपत्र मिळालं, हे कळवताना अमुक यांना अतीव आनंद होतोय, व्यवस्थापकांचे आणि कुटुंबीयांचे आभार, खाली टाळ्यांचे इमोजी. अप्रेझल जवळ आलं की बहर वाढतो, एवढंच निरीक्षण नोंदवतो.

प्रमाणपत्रं बोगस नाहीत, हे आधीच सांगून टाकू. १९५७ पासूनची ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी असं प्रमाणपत्र देते. लिनक्स फाउंडेशनचा ‘ग्रीन सॉफ्टवेअर फॉर प्रॅक्टिशनर्स’ तर फुकट आहे आणि दोन-तीन तासांत उरकतो. अभ्यासक्रमही चांगला. सॉफ्टवेअरपायी कार्बन किती जातो, हे मोजायचं सूत्र त्यात शिकवतात. २०२४ मध्ये ते आयएसओचं मानकही झालं. वीज किती लागली, ती कशापासून बनली आणि यंत्र तयार होतानाच किती धूर झाला, हे तिन्ही त्यात धरावं लागतं. झाडं लावल्याच्या पावत्या दाखवून आकडा कमी करता येत नाही. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना हे कलम लावलं, तर बरीच रंगीत पानं पांढरी पडतील.

अडतं ते तिसऱ्या मुद्द्यावर. हिशेब बोटांवर होण्याइतका सोपा आहे. ऑफिसातला लॅपटॉप समजा सरासरी तीस वॅट खातो, रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस. झाले साठ युनिट. आपली वीज अजून बव्हंशी कोळशाची, युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला बेचाळीस किलो. आणि तोच लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत? उत्पादकांच्याच पत्रकांत दोनशे किलोच्या आसपासचे, कधी त्याहून बरेच मोठे आकडे सापडतात. कोळशावर चालणाऱ्या देशातसुद्धा यंत्र चार-पाच वर्षं वापराल, तेव्हा कुठे वापराचा धूर जन्माच्या धुराची बरोबरी करतो. तेव्हा परीक्षेतलं बरोबर उत्तर ‘आहे ते यंत्र जास्त वर्षं वापरा’ हेच. उमेदवार त्यावर टिक करतो, गुण मिळवतो, आणि सोमवारी आयटी विभागाचा मेल येतो : तुमच्या लॅपटॉपला तीन वर्षं पूर्ण झाली आहेत, कृपया नवीन घेऊन जावा.

तो घेऊन येतो. करणार काय? खरेदीच्या कागदावर त्याची सही नसते. मग हिरवेपणा कुठेतरी दाखवायला हवा, म्हणून मेलखाली ‘प्रिंट काढण्यापूर्वी विचार करा’ची ओळ येते, जुने मेल पुसण्याची मोहीम निघते, स्क्रीन काळी होते. ऑफिसातल्या नेहमीच्या एलसीडी मॉनिटरवर डार्क मोडने वीज जवळजवळ वाचतच नाही, मागचा दिवा तेवढाच जळतो. वाचते ती ओलेडवर. दात कोरून पोट भरण्याचा हा कार्यक्रम चालू असताना रात्री दोनला सर्व्हरवरचा बॅच जॉब नेमाने सुटतो. वीज स्वच्छ असेल तेव्हा काम चालवा, हा त्याच अभ्यासक्रमातला धडा. आपल्याकडे रात्री दोनला ऊन नसतं, हे सांगायला प्रमाणपत्र लागत नाही. पण वेळ बदलायची तर चेंज रिक्वेस्ट टाकावी लागते, आणि ती मंजूर करणारे साहेब रजेवर असतात.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते वरच्या मजल्यावर जास्त शोभतं. लिनक्स फाउंडेशनचा तो फुकट अभ्यासक्रम तयार करणारी ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशन २०२१ मध्ये स्थापन झाली. संस्थापकांत मायक्रोसॉफ्ट आहे. त्याच मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर हवा, त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरली. पैसे भरून मुदतवाढ मिळते, नाही असं नाही. आणि कंपनीच्याच २०२४ च्या अहवालानुसार तिचं उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढलं होतं, मुख्यतः डेटा सेंटरच्या बांधकामापायी.

टाकलेली यंत्रं जातात कुठे? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आहेत. उत्पादकाने स्वतः कचरा उचललाच पाहिजे असं नाही, नोंदणीकृत रिसायकलरकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं विकत घेतली तरी भागतं. तिथंही प्रमाणपत्रच!

लॅमिंग्टन रोडवरच्या चिंचोळ्या गाळ्यात भिंग लावून मदरबोर्डवर डाग देणाऱ्या कारागिराकडे भिंतीवर फक्त देवाचा फोटो असतो. एसएसडी आणि रॅम टाकून तो तीन वर्षांच्या लॅपटॉपला आणखी तीन वर्षं पळवतो. त्याला कोणी बिल्ला देणार नाही, त्याला नकोही असेल.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मात्र एक सूचना. बहुपर्यायी प्रश्न ठेवा, पण पन्नास गुणांची तोंडी परीक्षाही घ्या, आणि ती खरेदी विभागाच्या प्रमुखाची घ्या. प्रश्न एकच : लॅपटॉप बदलण्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केल्याचा सहीशिक्क्याचा कागद दाखवा. कागद नसेल, तर त्या कंपनीतल्या कोणालाही पान देऊ नका.