मूळ झिलई

कर्णेकाकांचं खरं आडनाव सोसायटीत फक्त कुरिअरवाल्याला ठाऊक. बाकीच्यांना खिडकीतून ग्रामोफोनचा कर्णा दिसतो, तेवढी ओळख पुरते. वय त्र्याहत्तर, केस काळेभोर, आणि जुन्या बाजारात काही गंजकं दिसलं की डोळे पाणावतात.

त्यांच्याकडे गाणं ऐकायला जावं, तर गाणं सगळ्यात शेवटी. आधी टोनआर्मचं दर्शन. "निकेल आहे," तो झोपला असावा तसं कुजबुजतात. "निकेलला पिवळट झाक असते, क्रोम निळसर मारतं. 1912 च्या यंत्रावर क्रोम दिसलं की समजावं, कुणीतरी पाप केलंय." हा निकेलचा थर इतका पातळ, की पॉलिशने चार वेळा घासलं तर खालचं पितळ उघडं पडतं. म्हणून काका फक्त मलमलीचं फडकं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब वापरतात. चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसली तरी चालते.

एकदा भाचेजावई मुंबईच्या चोरबाजारातून लखलखत्या पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेऊन आले. काकांनी त्याला प्रदक्षिणा घातली, वास घेतला आणि मयताला आल्यासारखे खाली बसले. "कर्णा गेल्या वर्षीचा. मोटर कुठल्यातरी पोर्टेबलची. कुत्र्याचं चित्र तेवढं 1899 चं, पण इथे तेही स्टिकर!" तेव्हापासून भाचेजावई दिवाळीला फोनवरूनच नमस्कार करतात.

मग बालगंधर्वांची तबकडी निघते. चावी भरायची, सुई बदलायची. एका बाजूला एक सुई, इथे काटकसर नाही. ती काकूंच्या गॅसवर. मिनिटाला 78 फेरे, जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. पण खरखरीतून तो आवाज वर आला की, खरं सांगतो, काकांचं सगळं माफ करावंसं वाटतं.

परवा दिवाळीच्या साफसफाईत कामवाल्या मावशी चिंचेचा गोळा घेऊन टोनआर्मपर्यंत पोचल्या. काका ओरडले, "मावशी, हात लावू नका!"

"अहो काका, किती काळं पडलंय!"

"काळं नाही ते, वय आहे त्याचं! शंभर वर्षं लागलीत यायला. वय कधी पुसायचं नसतं!"

मावशींनी चिंच वाटीत ठेवली, काकांच्या डोक्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "मग मोरीत कलपाची वाटी भिजत घातलीय, ती कुणाची?"

काका चावी भरू लागले.