गाडी मुक्कामाला कुठं असते?

लासुर्ण्याच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की माझ्या ताईच्या सासरची वस्ती लागते. परवा दुपारी तिथं मी दोन तास एका खड्ड्यापाशी बसून होतो. खड्डा खणला जात होता तो गाडीसाठी. ताईच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, गेल्या आठवड्यात इलेक्ट्रिक गाडी आणली. शोरूममधून मिळालेलं चार्जिंग चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावली, तर चार्जरवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग हलेचना. शेजारी म्हणाले, गाडीतच फॉल्ट आहे. पुतण्या म्हणाला, तरी सांगत होतो, हायब्रिड घ्या. शेवटी वायरमन आला. त्यानं प्लगवर टेस्ट लॅम्प धरला आणि म्हणाला, "तात्या, गाडी चांगली हाय. तुमच्या घराला अर्थिंगच नाय."

वीस वर्षं त्या घरात फ्रीज चालला, पिठाची गिरणी चालली, ओल्या हातांनी कडबाकुट्टीचं बटण दाबलं गेलं. कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा एका वस्तूनं सांगितलं की इथली वीज अशीच मी घेणार नाही. ती वस्तू शहाणी निघाली म्हणून तिला नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

सध्या बारामतीत चहाच्या टपरीवर असो की इंदापुरात लग्नाच्या पंगतीत, एक वाद हमखास निघतो: इलेक्ट्रिक घ्यावी की हायब्रिड? आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: "इलेक्ट्रिक शहरात ठीक आहे, आपल्याकडं चार्जिंग कुठंय?" हे वाक्य उलटं आहे. कोथरूडमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला पार्किंगमध्ये एक प्लग बसवायला सोसायटीची परवानगी काढावी लागते, मीटरपासून वायर ओढावी लागते, कमिटीपुढं उभं राहावं लागतं. इथं घरापुढं अंगण आहे, मीटर स्वतःचा आहे, डोक्यावरचं छप्पर स्वतःचं आहे. गाडी रात्री नऊ-दहा तास मीटरपासून दहा पावलांवर उभी असते. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगमधून ताशी तीन युनिट धरली तरी सकाळपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस युनिट भरतात, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची सोय होते. इंदापूर ते बारामती पन्नास किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन शंभर. रोजची कचेरी, दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळं त्यात बसतं.

हिशेब मांडू. शंभर किलोमीटरला इलेक्ट्रिक गाडी पंधरा युनिट घेते. घरची वीज दहा रुपयांनी धरली तर दीडशे रुपये. हायब्रिड खऱ्या रस्त्यावर लिटरला वीस-बावीस देते. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे पाचशेच्या घरात गेलो. साधी पेट्रोल गाडी सातशेच्या पुढं. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला इलेक्ट्रिक आणि हायब्रिड यांत पाच हजारांचा फरक पडतो. मात्र शोरूमवाले एक गोष्ट सांगत नाहीत. गाडीची सव्वादोनशे युनिट घरच्या बिलात मिसळली की बिल तीनशे युनिटांच्या वरच्या टप्प्यात जातं आणि तिथला दर चढा असतो. म्हणून युनिटला पंधरा रुपये धरून बघा. तरीही इलेक्ट्रिक निम्म्याहून स्वस्त पडते. हायवेवरच्या फास्ट चार्जरला मात्र युनिटचे वीस-पंचवीस मोजावे लागतात, तिथं हा फायदा बराचसा आटतो. ज्याला रोज बाहेरच चार्ज करायची आहे त्यानं हा हिशेब दोनदा करावा. आणि ज्याचं छप्पर मोकळं आहे त्यानं सूर्यघर योजनेचं बघावं. तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि आपल्या उन्हात तेवढं पॅनल दिवसाला सरासरी बारा युनिट देतं. गाडी रात्री चार्ज होते, ऊन दिवसा असतं, ही अडचण दिवसाची जादा वीज बिलातून वळती करणारा नेट मीटर सोडवतो.

आता हायब्रिडबद्दल. ही गाडी मला आवडते, तिच्या नावानं होणारी फसवणूक आवडत नाही. ज्या गाडीत मोटर एकटी चाकं फिरवू शकते ती खरी, स्ट्राँग हायब्रिड. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हात लावते. एकटी ती गाडी ओढत नाही. मागच्या दारावर 'हायब्रिड' लिहिलेलं असतं दोन्हींच्या. विकत घेताना एकच विचारा: इंजिन बंद ठेवून ही गाडी फाटकापर्यंत जाते का? जाऊन दाखवा म्हणा.

खरी हायब्रिड पैसे वाचवते ती ब्रेकमध्ये. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत जातो, आणि पुढच्या सुरुवातीला तोच वापरला जातो. म्हणून हडपसरच्या कोंडीत ती छान चालते, आणि भिगवण ते लोणी काळभोर एका वेगात पळवली की तिची ही कला फारशी कामाला येत नाही. गळीत हंगामात मात्र आपला बारामती-इंदापूर रस्ताही हडपसर होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, त्याच्या मागं टायरगाड्या, आणि भवानीनगरच्या कारखान्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरची रांग. त्या रांगेत पेट्रोल जळत राहतं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड दोन्ही गाड्या तिथं स्वस्तात सरकतात.

करांचंही बघायला हवं. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के, आणि बाजारातल्या ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या सगळ्या चार मीटरच्या पुढच्याच. कमी पेट्रोल जाळणाऱ्या गाडीवर एवढा कर मला अन्यायाचा वाटतो. उत्तर प्रदेशानं २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. महाराष्ट्रानं तसा विचार करायला हरकत नव्हती. टोलचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी लागू झाली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू इथं. इंदापूरकर पुण्याला जाताना पाटसचा टोल भरतो आणि सोलापूरकडं जाताना सरडेवाडीचा. ते दोन्ही नाके त्या यादीत नाहीत.

एक प्रश्न ऊस लावणाऱ्या माणसानं विचारला तर तो हसण्यावारी नेऊ नये: "सगळ्यांनी इलेक्ट्रिक घेतली तर आमच्या इथेनॉलचं काय?" पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं, त्याचा पैसा कारखान्यातून उसाच्या बिलापर्यंत येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले तेव्हा कारखान्यांचं नियोजन कसं कोलमडलं हे या भागानं पाहिलं आहे. ही धास्ती खरी आहे. पण माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांत डिस्टिलरी आहे तसा सहवीजनिर्मिती प्रकल्पही आहे. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जळतं, वीज होते, उरलेली ग्रीडला जाते. म्हणजे हायब्रिड घेणारा मळी जाळतो आणि इलेक्ट्रिक घेणारा चिपाड. ऊस आपलाच. शिवाय बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यातून इलेक्ट्रिक ॲपे बाहेर पडते आहे, कंपनीनं ती २०१९ च्या शेवटी बाजारात आणली. दिवसाचा गल्ला संध्याकाळी मोजणारा रिक्षावाला असे हिशेब आपल्याआधी करून बसतो.

तरी एका घराला मी इलेक्ट्रिक घे म्हणणार नाही. डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की दोन-तीन दिवस अंधार, संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की पंखा जेमतेम फिरतो, अशी वस्ती. तिथं रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत कळ आली आणि गाडीत वीस टक्के चार्ज असेल, तर इंदापुरापासून पुणे एकशे चाळीस किलोमीटर आहे. तिथं कुठलाही हिशेब कामाचा नाही. त्या घरानं हायब्रिड घ्यावी, किंवा आहे ती गाडी नीट ठेवावी. आणि शेतीपंपाच्या लाइनवर गाडी लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाकावा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं ते पाण्यासाठी. ती थ्री फेज आठ तास येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि त्या आठ तासांवर आधीच सगळ्या वस्तीच्या मोटरी टेकलेल्या असतात. एकानं गाडी लावली की शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर उचलत नाही.

म्हणून चार्जिंग स्टेशनच्या फिती कापणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. हायवेवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जर उभारायचं राज्याचं धोरण चांगलं आहे, पाहुण्यांना उपयोगी पडेल. आम्हाला आधी वस्तीवर चांगली डीपी द्या. गाडी हायवेवर तासभर असते. बाकीचे तेवीस तास ती घरी असते.

तात्यांच्या अंगणात वायरमननं खड्ड्यात प्लेट उभी केली, तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. ताईनं घरातनं दोन बादल्या पाणी आणून ओतलं. तिन्हीसांजेला प्लग लावला आणि दिवा हिरवा झाला. पुतण्या काही बोलला नाही, मोबाइल काढून किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवलं. सकाळी ताईचा फोन आला: गाडी भरली. आणि वायरमनला परत बोलावलंय, त्याच खड्ड्यातून एक तार कडबाकुट्टीपर्यंत ओढून घेतोय.