मा. एक किलोमीटर यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. एक किलोमीटर साहेब,
मुक्काम : कोणत्याही दोन शाळांच्या मध्ये

विषय : आपल्या अल्पकालीन पदोन्नतीबद्दल अभिनंदन आणि सांत्वन.

महोदय,

हे पत्र हुडकेश्वरहून लिहितो आहे. म्हाळगीनगर चौक ओलांडून पुढे आलात की आमची वस्ती लागते. 2013 साली नरसाळ्यासोबत आम्हालाही नागपूर महापालिकेत घेतलं. शेतांचे लेआउट झाले, लेआउटमध्ये घरं झाली. तुमचं आमच्या शहराशी नातं त्याहून जुनं. झिरो माईलचा खांब इथलाच, म्हणजे हे तुमचं आजोळ. तरीही 9 फेब्रुवारी 2024 ला राजपत्रातून तुम्हाला एवढी मोठी बढती मिळाली आणि आजोळच्यांना ती पेपरातून कळावी, हे काही बरं नाही झालं, बापा.

तोवर तुमचा हुद्दा साधा होता. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या नियमांत तुमच्याकडे मुख्य काम होतं : पहिली ते पाचवीच्या लेकराला घरापासून तुमच्या आत शाळा मिळाली पाहिजे. लहान पायांची काळजी करणारं अंतर म्हणून आम्ही तुम्हाला ओळखायचो. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमानं खासगी विनाअनुदानित शाळांना सांगितलं, की प्रवेशाच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्या आणि आठवीपर्यंत फुकट शिकवा. संस्थाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 एप्रिल 2012 ला न्यायालयानं कलम कायम ठेवलं, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या सुटल्या.

आणि मग तुमची बदली झाली. 2024 च्या त्या राजपत्रानं महाराष्ट्राच्या नियमांत दुरुस्ती आली, की ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या 25 टक्क्यांतून मोकळीक. आता शहरात महापालिकेची नाही तर अनुदानित शाळा तुमच्या टप्प्यात नसेल, अशी खासगी शाळा हुडकायला दुर्बीण लागेल. कालपर्यंत पोराला शाळेपाशी नेणारे तुम्ही, एका रात्रीत गेटवरचे वॉचमन झालात.

मला खरं कौतुक वाटतं ते या कारागिरीचं. कायद्याच्या एका अक्षराला कुणी हात लावला नाही. ‘गरिबाचं पोर आमच्या बाकावर नको’ असं एका साहेबानंही तोंडानं म्हटलं नाही. फक्त टेप धरला आणि मोजलं. कर्नाटकात 2019 मध्ये हाच टेप आधी चालला होता, त्यामुळे कल्पनेचं श्रेय सगळंच आपलं नाही. अमेरिकेत तुमचे थोरले आतेभाऊ मैल याच खात्यात नोकरीला होते. कॅन्सस राज्यातल्या टोपेकात लिंडा ब्राऊन नावाच्या मुलीच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती, पण ती काळी म्हणून तिला दूरच्या शाळेत जावं लागे. तिथे जवळची शाळा नाकारायला दूरची दाखवली. आपल्याकडे जवळची खासगी शाळा नाकारायला जवळचीच दुसरी दाखवली. आतेभावांची नोकरी 1954 मध्ये न्यायालयाच्या निकालानं गेली.

संस्थाचालकांचं एक गाऱ्हाणं मात्र खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. या मुलांची फी सरकारनं द्यायची असते. दर ठरलेला, 2024 मध्ये वर्षाला एका मुलामागे जास्तीत जास्त 17,670 रुपये, आणि तोही वेळेवर येत नाही. थकबाकी साठत गेली. ती फेडण्याचे दोन रस्ते होते : पैसे देणं किंवा पोरं कमी करणं. सरकारनं स्वस्तातला घेतला आणि त्यावर तुम्हाला उभं केलं.

पण लोकांनी काय केलं बघा. नव्या नियमानं अर्ज भरायला बसलेल्या पालकांना यादीत बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळाच दिसल्या. तिथे तर अर्ज न करताही प्रवेश मिळतो! त्यांनी पाठ फिरवली. 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, सरकारनं जुन्या पद्धतीनं अर्ज पुन्हा मागवले, तेव्हा सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी सव्वादोन लाखांहून जास्त अर्ज आले. 19 जुलै 2024 ला उच्च न्यायालयानं दुरुस्तीच रद्द केली : कायद्यानं दिलेलं नियमानं काढून घेता येत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ढवळाढवळ करायला नकार दिला. तुमची मूळ पदावर रवानगी झाली. सहा महिन्यांचाच थाट, पण काय थाट होता!

आता तुम्ही पुन्हा नकाशावर काम करता. पालक तिथे घराचं ठिकाण दाखवतात आणि तुम्ही आकाशमार्गानं अंतर मोजता. नाला, रेल्वेची लाईन, उमरेड रोडवरचे ट्रक यांच्याशी तुमचं देणंघेणं नसतं. काही हुशार मंडळींनी घरंच हलवली. 2024 मध्येच नागपुरात बनावट कागदपत्रांवर आरटीई प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले. गरिबाच्या जागेसाठी गरीब व्हायची तयारी, फक्त कागदावर.

गेटच्या आत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नसणार. तुमची हद्द गेटपर्यंतच. नियम म्हणतो, या मुलांना वेगळं बसवायचं नाही, वेगळ्या वेळी शिकवायचं नाही. ‘आरटीईवाला’ ही हाक कोणत्या नियमात बसते, ते मात्र लिहिलेलं नाही. वह्या, बस, सहल, गॅदरिंगचे कपडे यांच्या चिठ्ठ्या दप्तरातून घरी येतात आणि ज्या घरी जातात त्यांतल्या अनेकांच्या अर्जाला वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला आधीच जोडलेला असतो.

आणि आठवी संपली की कायदाही संपतो. नववीच्या जूनमध्ये त्याच शाळेची पूर्ण फी त्याच मुलासमोर उभी राहते. ते मोजमाप रुपयांत आहे, तुमच्या खात्यात येत नाही, हे मला कळतं. ज्यांच्या खात्यात येतं त्यांना वेगळं पत्र लिहीन म्हणतो. त्यांचा पत्ता ठाऊक असेल तर कळवा. किती लांब आहे, तेही सांगा.

आपला,
हुडकेश्वरचा एक भाडेकरू