चालकाची कंडिशन

वापरलेली मोटारसायकल घेताना तपासायच्या गोष्टी दोन असतात : गाडी आणि ती चालवणारा. पहिलीच्या तपासणीला खरेदीदाराचे मामा, शेजारचे काका, ‘गाड्यांमधलं सगळं कळणारा’ मित्र आणि रस्त्याने जाता जाता थांबलेले एक अनोळखी गृहस्थ असे बरेच जण हजर असतात. ते टायरला लाथ मारतात, सायलेन्सरजवळ कान नेतात, टाकीचे झाकण उघडून आत डोकावतात आणि उगाचच गंभीर होतात. दुसऱ्या गोष्टीची तपासणी कोणीच करत नाही. गाडी किती किलोमीटर पळाली, हे विचारले जाते. घेणाऱ्याने आजवर किती किलोमीटर चालवली, हे विचारणे असभ्यपणाचे मानतात. वास्तविक गाडीचा पिस्टन बदलून मिळतो.

चालकाच्या अनुभवाचे सरकारी मोजमाप फार सोपे आहे. गिअरची गाडी चालवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. आधी कच्चे लायसन्स काढायचे, किमान तीस दिवस थांबायचे आणि मग आरटीओच्या मैदानावर, बहुधा दुसऱ्या कोणाची तरी गाडी मागून आणून, पाय न टेकता आठ काढून दाखवायचा. आठ निघाला की लायसन्स पक्के. आठ काढताना आडवी येणारी रिक्षा नसते, दुभाजकावरून उडी मारणारे कुत्रे नसते, वरातीतला नाचणारा मेहुणा नसतो आणि पाण्याने भरलेला, म्हणून खोली न कळणारा खड्डाही नसतो. युरोपात मोटारसायकलच्या परवान्याला पायऱ्या आहेत : आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत आणि त्यानंतर हवी ती. भारतात तशी पायरी नाही. आज पक्के लायसन्स मिळालेला मुलगा उद्या ६५० सीसीची गाडी कायदेशीररीत्या घेऊ शकतो. त्याला अडवण्याचे काम देशाने त्याच्या वडिलांवर सोपवले आहे.

पहिला वर्ग अगदी नवशिक्यांचा. यांच्यासाठी १०० ते १२५ सीसीची, हलकी आणि दिसायला सामान्य गाडी योग्य, यावर जाणकारांचे एकमत आहे आणि नवशिक्यांचे मतभेद आहेत. उदाहरणार्थ स्प्लेंडर. १९९४ साली आलेली, ९७.२ सीसीची, सुमारे आठ अश्वशक्तीची, वजनाने ११० किलोच्या आसपास. तिच्याविरुद्ध तरुणांची तक्रार एकच : ती सगळ्यांकडे असते. दूधवाल्याकडे असते, गणिताच्या सरांकडे असते, वसुलीला येणाऱ्या पतसंस्थेच्या माणसाकडेही असते. पण हाच तिचा गुण. जी गाडी सगळ्यांकडे असते तिचा क्लच वायर आणि ब्रेक शू तालुक्याच्या गावात रविवारीही मिळतो, आणि ती दुरुस्त करता येत नाही असे म्हणणारा मेकॅनिक अजून जन्माला यायचा आहे.

शिवाय पहिली गाडी पडतेच. ती हमरस्त्यावर वेगात पडेल असे नाही. बहुतेक वेळा ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्याउभ्या, वॉचमनच्या साक्षीने पडते. यू टर्न घेताना पडते, साइड स्टँड लावला असे वाटल्यामुळे पडते. हलकी गाडी पडली तर एक इंडिकेटर आणि थोडी अब्रू जाते. जड गाडी पडली तर चौघांना हाक मारावी लागते, आणि मग अब्रू पूर्ण जाते. म्हणून नवशिक्याने सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, हे सगळ्यात आधी पाहावे. नुसते अंगठे टेकत असतील तर ती गाडी आणखी चार वर्षांनी घ्यायची आहे. ओरखडे असलेली गाडी नवशिक्याने मुद्दाम निवडावी. पहिल्या ओरखड्याचे दुःख मागच्या मालकाने भोगून संपवलेले असते.

थोडे जास्त पैसे हाताशी असतील तर ते टाकीवरच्या स्टिकरपेक्षा ब्रेकवर घालावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय बंधनकारक झाली. घाबरून ब्रेक गच्च दाबणे हा नवशिक्याचा स्वभावच असल्याने ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा त्याच्या फार उपयोगाची. तेव्हा १५० सीसीची जुनी गाडी घ्यायचीच असेल तर एबीएस असलेले मॉडेल शोधावे आणि ते खरेच चालू आहे का, हे पाहावे. चावी लावल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो विझत नसेल तर बिघाड आहे. आणि लागतच नसेल तर विक्रेत्याने दिव्याचाच बंदोबस्त केलेला असण्याची शक्यता आहे.

दुसरा वर्ग स्कूटरवाल्यांचा, आणि तो पहिल्याहून धोकादायक, कारण त्याच्याकडे आत्मविश्वास असतो. पाच वर्षे बिनगिअरची स्कूटर चालवलेल्याला रस्ता कळतो, सिग्नलला कुठून घुसायचे हे कळते, पण त्याच्या डाव्या हाताची सवय वेगळी असते. स्कूटरवर डावा हात म्हणजे मागचा ब्रेक. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच. समोर अचानक म्हैस आली की स्कूटरवाला जुन्या सवयीने डावा लिव्हर जिवाच्या आकांताने दाबतो. इंजिनचा चाकाशी संबंध तुटतो आणि गाडी अत्यंत मुलायमपणे म्हशीकडे जाते. उजव्या पायाखाली ब्रेक आहे, हे त्याला म्हैस गेल्यावर आठवते. शिवाय त्याचे लायसन्स विदाऊट गिअरचे असेल तर गिअरची गाडी घेण्याआधी ते बदलून घेणे कायद्याने आवश्यक आहे. एवढी गोष्ट व्यवहार ठरल्यावर लक्षात येते, असा अनुभव आहे.

गिअरचीही भानगड लक्षात ठेवावी. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने खाली दाबून पडतात. पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरवर शिकलेला माणूस पल्सरवर बसला की पुढचा गिअर टाकण्याच्या भावनेने मागचा टाकतो, इंजिन किंचाळते, मागे बसलेला पुढे येतो आणि विक्रेता हळूच किमतीवर ठाम होतो. दोन गाड्या चालवून पाहिल्यावर तिसरी घ्यावी, हा सल्ला यासाठीच आहे.

तिसरा वर्ग मात्र स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे. कॉलेजात मित्राची आरएक्स १०० चालवली होती. नंतर नोकरी, लग्न, गृहकर्ज आणि चारचाकी. आता मुलगी इंजिनिअरिंगला गेली, हप्ते संपले आणि एका रविवारी अचानक बुलेट घेण्याचे ठरते. या चालकाचा अनुभव हा अनुभव नसून आठवण असते. आरएक्स १०० सुमारे ११ अश्वशक्तीची आणि वजनाने शंभर किलोच्या आसपास होती. १९८५ ते १९९६ या काळात निघाली. क्लासिक ३५० भरते १९५ किलो. मधल्या काळात गाडीचे वजन दुप्पट झाले आणि चालकाचेही अगदीच स्थिर राहिले नाही.

अशा गृहस्थाने गाडीची परीक्षा नंतर करावी, आधी स्वतःची. इंजिन बंद ठेवून बुलेट पार्किंगमधून मागे ढकलत काढावी, मधल्या स्टँडवर चढवावी, उतरवावी, उताराकडे तोंड करून लावलेली पुन्हा वर ओढावी. हे करताना धाप लागली तर लाजण्याचे कारण नाही. १५० सीसीच्या गाड्याही दिसायला बऱ्या असतात. बायकोने शांतपणे विचारलेला ‘पडली तर उचलणार कोण?’ हा प्रश्न टोमणा समजू नये, त्याला तांत्रिक आधार आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. ज्याचा उजवा पाय तीस वर्षे ब्रेक मारत आला, त्याने केवळ ‘ओरिजिनल आवाजा’साठी ती घेऊ नये. शिवाय त्या गाडीला किक मारण्याआधी ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणावा लागतो. घाई केली तर किक उलटी येते आणि नडगीला जन्मभराची ओळख देऊन जाते. परत आलेल्या चालकाला डाव्या गिअरची, सेल्फस्टार्टची, डिस्क ब्रेकची गाडी बरी. आवाज थोडा कमी येतो, पण घरच्यांचाही कमी येतो.

खुद्द आरएक्स १०० पुन्हा घेणारे वेगळे. त्यांना कोणी समजावू नये, उपयोग होत नाही. फक्त एवढे सांगावे, की दोन्ही ब्रेक ड्रमचे आहेत, टू-स्ट्रोक इंजिन घाट उतरताना गाडी फारशी रोखून धरत नाही आणि तीस वर्षांनंतर बाजारात असलेल्या अनेक आरएक्समध्ये इंजिन एकीचे, टाकी दुसरीची आणि कागद तिसरीचे असतात. किमती ऐकून मात्र खाली बसावे.

चौथा वर्ग वेगवाल्यांचा. ड्यूक ३९० भारतात २०१३ मध्ये आली. ३७३ सीसी, सुमारे ४३ अश्वशक्ती, म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपटीहून अधिक. वजन मात्र दुप्पटही नाही. ही गाडी कमी चाललेली आणि बऱ्या किमतीत मिळाली, की विकतोय कोण हे पाहावे. गाडी मुलाची आणि फोनवर बोलतात वडील, असे असेल तर काहीतरी घडून गेलेले आहे. हँडल टोकापर्यंत वळवून ते जिथे अडते तो चासीवरचा ठोकळा चेपला आहे का, लिव्हरची टोके आणि फूटरेस्ट घासले आहेत का, पुढचे दोन्ही फोर्क एका रेषेत आहेत का, हे बघितले की घडलेला प्रसंग बराचसा समजतो. दीडशे-दोनशे सीसीवर निदान एक पावसाळा आणि एखादा घाट काढलेला नसेल त्याने या वर्गात प्रवेश घेऊ नये.

आता खुद्द गाडी. ती पाहायला सकाळी, दिवसाउजेडी आणि न कळवता लवकर जावे, आणि पहिल्यांदा इंजिनला हात लावावा. गरम असेल तर विक्रेत्याने पाहुण्यांसाठी आधीच दहा किका मारून ठेवल्या आहेत. थंड इंजिन किती त्रास देऊन चालू होते, हीच तर खरी माहिती. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल पिते आहे आणि बोअर-पिस्टनचा खर्च समोर उभा आहे. टू-स्ट्रोकला हा नियम लावू नये, ती ऑइल पिऊनच जगते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरी वाफ थंडीत असायचीच. चेन स्प्रॉकेटचे दात वाकून टोकदार झाले असतील तर सेट गेला. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओलावा म्हणजे ऑइल सील. टायरवर चार आकडे लंबगोलात असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मालक ‘टायर नवीनच आहेत’ म्हणत असताना हे आकडे मोठ्याने वाचावेत. दहा वर्षांच्या गाडीचे मीटर चौदा हजार दाखवत असेल, तर फूटरेस्टचे रबर आणि सीट बघावे. मीटरची केबल काढून ठेवता येते, रबराची झीज काढून ठेवता येत नाही. मागच्या बाजूला हुक वेल्ड केल्याच्या खुणा दिसल्या तर गाडीने दुधाचे कॅन वाहिले आहेत आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर त्याची साक्ष देतील. किनारपट्टीवरची गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज टाकीच्या खाली आणि सायलेन्सरच्या पोटात शोधावा, वरून सगळे पॉलिश असते.

डॉक्टरांनी वापरलेली गाडी हा एक खास प्रकार बाजारात आहे. महाराष्ट्रात विकायला निघालेल्या मोटारसायकलींपैकी इतक्या डॉक्टरांच्या असतात, की रुग्णांना वेळ कोण देते असा प्रश्न पडावा.

किंमत ठरवताना पितृपक्षाचा विचार जरूर करावा. गिऱ्हाईक कमी असते आणि विक्रेता ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो. दसरा आला की तोच माणूस बदलतो. ठरलेल्या पैशांतून नव्या हेल्मेटची रक्कम आधी बाजूला काढावी. हेल्मेट मात्र सेकंडहँड घेऊ नये, त्यावर आतून काय आदळले हे कोणी सांगत नाही.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी चुकवता येत नाही. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडावा. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची पुन्हा नोंदणी झाली आहे का, ते पाहावे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन कागद ड्रॉवरमध्ये ठेवणे म्हणजे गाडी नावावर होणे नव्हे, हे कित्येक सुशिक्षित घरांत ठाऊक नसते. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी कंपनीला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही असायला हवी. तोवर सिग्नल तोडल्याचे ई-चलन जुन्या मालकाच्याच मोबाइलवर येते, आणि नव्या मालकाने हेल्मेट घातले नव्हते हे त्याला फोटोसकट कळते.